रंगपेटीची कुळकथा

जून उजाडला, शाळांच्या घंटा घणघणू लागल्या, की वह्या-पुस्तकांच्या दुकानांपुढे जी झुंबड उडते तिच्यात एक संवाद हटकून कानी पडतो. वडील विचारतात, "रंग बाराचे घ्यायचे, की चोवीसचे?" मुलाचे उत्तर ठरलेले असते आणि वडिलांचा खिसाही ठरलेला असतो. शेवटी दुकानदार मध्यस्थी करून अठराची पेटी पुढे सरकवतो व तंटा मिटतो. या सौद्यात रंग किती, याची चर्चा होते. झाकणावरचे चित्र न्याहाळले जाते. किंमत तर पाहिली जातेच. फक्त हे रंग कशाचे केले आहेत, ते किती टिकतील आणि मुळात ते टिकायला हवेत की नकोत, हे कोणी विचारीत नाही.

फार लांब कशाला, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीपर्यंत ज्याने कुंचला हाती धरला त्याला हे प्रश्न चुकवताच येत नसत. रंगांची पारख ही चित्रविद्येची पहिली पायरी होती, रेषा त्यानंतरची. ही पारख चित्रकाराच्या हातून निसटून कारखानदाराच्या हाती कशी गेली, आणि या देवघेवीत सामान्य माणसाच्या पदरात काय पडले व पदरचे काय गेले, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आम्ही घेतला आहे. लढाया आणि तह यांच्या इतिहासाला सरावलेल्या श्रोत्यांनी तेवढ्यापुरती आम्हांला सवलत द्यावी. रंगांच्या इतिहासातही मारामाऱ्या काही कमी झालेल्या नाहीत.

आपल्याकडील चित्रकलेच्या जुन्या ग्रंथांत विष्णुधर्मोत्तर पुराणातील 'चित्रसूत्रा'चा मान मोठा आहे. त्यात मूळ रंग पाच सांगितले आहेत, आणि त्यांच्या मिश्रणाने होणाऱ्या छटांना अंत नाही, असा अभिप्राय दिला आहे. पण आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटते ती रंगद्रव्यांची यादी. सोने, रुपे, तांबे, अभ्रक, राजावर्त, शेंदूर, हरताळ, लाख, हिंगूळ, नीळ. ही यादी वाचताना एखाद्या गांधी-पसाऱ्याच्या दुकानात शिरल्यासारखे वाटते. आणि ते तसे होतेच. चित्रकार आणि वैद्य एकाच दुकानी जात, एकाच प्रकारचा खल वापरीत, आणि दोघांनाही एकाच गोष्टीचे भय असे: विषाचे. हरताळात सोमल आहे, हिंगुळात पारा आहे, शेंदरात शिसे आहे. निसर्गातून आलेले ते सारे निरुपद्रवी, ही समजूत या यादीपुढे क्षणभरही टिकत नाही.

आता पुस्तकातून उठून प्रत्यक्ष भिंतीपाशी जाऊ. अजिंठ्याच्या लेण्यांत जे रंग आहेत ते बव्हंशी पायाखालचे आहेत. तांबडा रंग म्हणजे गेरू. पिवळा म्हणजे पिवळी माती. हिरव्यासाठी चित्रकारांनी वापरली ती हिरवी माती, जी आपल्या सह्याद्रीच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांतच सापडते. काळा दिव्याच्या काजळीचा, पांढरा चुन्यासारख्या द्रव्यांचा. भिंतीवर आधी माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ थर, आणि त्यावर सरसात कालवलेले हे रंग. पाचव्या शतकातील त्या कारागिरांनी एवढ्या भांडवलावर काय उभे केले, हे सांगण्याची गरज नाही. पहिल्या लेण्यातील कमळ धारण केलेला बोधिसत्त्व ज्याने पाहिला आहे तो ते विसरलेला नसतो.

एक रंग मात्र पायाखालचा नव्हता. निळा. अजिंठ्याच्या परिसरात निळी माती मिळत नाही. तेथे जो निळा रंग दिसतो तो राजावर्ताचा, म्हणजे लाजवर्दी दगडाचा आहे, आणि तो दगड अफगाणिस्तानातील बदक्षानच्या डोंगरांतून येत असे. उंट, घोडे, नावा आणि हमालांची डोकी बदलत बदलत तो गोदावरी-तापीच्या मुलखात पोहोचला, तेथे कुटला गेला आणि बुद्धाच्या सभामंडपात लागला. म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वीही रंगसाहित्याची निवड हा हिशेबाचा प्रश्न होता. गेरू हवा तेवढा वापरावा. निळ्याला मात्र हात राखून.

अजिंठ्याच्या पुढच्या इतिहासात टिकाऊपणाचा एक विलक्षण पाठ आहे. १८१९ साली ही लेणी इंग्रजांच्या नजरेस पडली. १८४४ मध्ये मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. या गृहस्थांनी आयुष्याची पुष्कळ वर्षे त्या खोऱ्यात घालवली आणि तैलरंगांत मोठमोठे पट रंगवून विलायतेला पाठविले. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ते मांडले होते. १८६६ च्या आगीत बहुतेक सर्व जळाले. मग मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत तेच काम पुन्हा केले. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते. या नकलाही विलायतेला गेल्या आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतल्या पुष्कळशा भस्मसात झाल्या. दोनदा नकला झाल्या, दोनदा जळाल्या. मूळ चित्रे ओल, वटवाघुळे आणि प्रवाशांचे हात सोसून आपल्या जागी राहिली. त्यांचे मोठे नुकसान केले ते काळजी घेणाऱ्यांनीच. चित्रे अधिक उजळ दिसावीत म्हणून नक्कल करणाऱ्यांनी, आणि पुढे १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी, त्यांवर रोगण चढवले. ते रोगण काही वर्षांत पिवळे पडले आणि गेरूने पंधरा शतके राखलेला रंग झाकोळून गेला. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते उतरवण्यासाठी फार कष्ट पडले. माती टिकली, तिच्यावरची पॉलिश टिकली नाही.

मधल्या हजार वर्षांत आमच्या प्रांतात रंगसाहित्याची रीत फारशी पालटली नाही. पोथ्या लिहिणारे लोक काजळी आणि डिंक खलून शाई करीत व ओळींच्या सीमा हिंगुळाने आखीत. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात भिंतींवर जी चित्रे आहेत ती याच परंपरेतली. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. रंग ठेवायला शिंपले. शागिर्दाची पहिली काही वर्षे खलण्यातच जात. यात कष्ट होते, पण त्यात एक शिक्षणही होते, हे विसरून चालणार नाही. जो मुलगा महिनाभर हरताळ खलतो त्याला हरताळाचा स्वभाव कळतो: तो कोणाशेजारी बिघडतो, उन्हात काय करतो, किती पाणी मागतो. हे ज्ञान ग्रंथांत उतरले ते थोडेच. बाकीचे सारे हातांत राहिले आणि हातांबरोबर गेले.

याच पुण्यात, पेशवाईच्या उत्तरार्धात, दोन रीती समोरासमोर आल्या. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट १७८६ पासून पुण्याच्या दरबारी होता. त्याच्या ओळखीने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ मध्ये पुण्यास आला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची आज आपण पाहतो ती चित्रे त्याचीच. एतद्देशीय कारागिरांना विलायती पद्धतीचे चित्रण शिकवण्यासाठी शनिवारवाड्यात एक चित्रशाळाही चालली. तिच्यातील गंगाराम चिंतामण तांबट हे नाव प्रत्येक पुणेकराला पाठ असायला हवे, आणि ते कोणालाच पाठ नाही. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे गंगारामाने १७९० साली काढलेले जलरंगातील चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्या गेंड्याच्या कातड्याची घडी न् घडी त्याने अशी टिपली आहे, की गंगाराम त्या जनावराजवळ बराच वेळ बसला असला पाहिजे, आणि त्या बसण्यात त्याला आनंद वाटला असला पाहिजे, एवढे आम्ही छातीठोकपणे सांगू. वेरूळच्या कामात तो वेल्सचा साथीदार होता. वेल्स १७९५ मध्ये वारला आणि त्याच्या रेखाटनांवरून वेरूळची चित्रे १८०३ साली लंडनला छापली गेली. राज्य गेले, शिकारखाना गेला. कागदावरचा गेंडा राहिला.

गंगाराम पुण्यात कागद रंगवीत होता त्याच दशकांत, लंडनमध्ये, आमच्या कथेला वळण देणारी गोष्ट घडत होती. तोवर तिकडेही जलरंग म्हणजे स्वतः खलायचे, डिंकात कालवायचे आणि शिंपल्यांत वाळवायचे प्रकरण होते. विल्यम आणि थॉमस रीव्हज या बंधूंनी रंगांच्या साबणासारख्या छोट्या वड्या पाडल्या. ओला कुंचला फिरवला की रंग तयार. १७८१ साली तेथील कलासंवर्धक सोसायटीने त्यांना याबद्दल रुपेरी पारितोषिक दिले. कल्पना साधीच, पण तिच्यामुळे प्रथमच रंग खिशात मावू लागले. नकाशे काढणारे लष्करी अधिकारी, वनस्पती टिपणारे डॉक्टर, हवापालटाला निघालेल्या सुखवस्तू स्त्रिया, असा एक नवाच वर्ग चित्रे काढू लागला. त्यांच्यापैकी कोणीही शागिर्दी केली नव्हती. १८३२ साली लंडनमध्ये विन्सर आणि न्यूटन यांनी दुकान थाटले. तीन वर्षांनी त्यांनी वड्यांत ग्लिसरीन घालून त्या मऊ ठेवण्याची युक्ती काढली. तैलरंग तेव्हा डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून विकत. टोचून रंग काढायचा आणि भोक खिळ्याने बुजवायचे, असला ओंगळ कारभार. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या पातळ नळीचे पेटंट घेतले. आज आपण दात घासण्यासाठी जी नळी पिळतो तिची ही आजी! या नळीमुळे चित्रकार रानात जाऊन सूर्यप्रकाशात तैलचित्र रंगवू शकला, आणि फ्रान्समध्ये पुढे जी चित्रक्रांती झाली तिला या नळीचे मोठेच साहाय्य झाले.

परंतु पेटी तयार मिळू लागली त्याच क्षणी तिच्यात काय आहे हे कळेनासे झाले. येथून पुढची हकीकत आम्हांला सर्वांत उद्बोधक वाटते.

अठराव्या शतकाच्या आरंभी, १७०६ च्या सुमारास, बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंगारी तांबडा रंग करायला बसला होता. त्याने वापरलेला क्षार आधीच्या प्रयोगात दूषित झालेला होता. तांबड्याऐवजी पात्रात गडद निळा उतरला. हाच प्रशियन ब्लू. बदक्षानच्या दगडाला पहिला स्वस्त प्रतिस्पर्धी असा चुकून जन्मला. पुढे १८२४ मध्ये फ्रान्समधील उद्योगसंवर्धक संस्थेने लाजवर्दीसारखाच निळा कृत्रिम रीतीने करून देणाऱ्यास सहा हजार फ्रँकांचे बक्षीस लावले, आणि १८२८ साली गिमे या रसायनज्ञाने ते पटकावले. जो रंग युरोपात सोन्याच्या मोलाने विकला जाई, जो मेरीमातेच्या वस्त्रापुरता राखून ठेवीत, तो मग पोत्यांनी होऊ लागला. किती? तर इतका, की आपल्या घराघरांतून पांढऱ्या धोतर-लुगड्यांना घालायच्या निळीच्या पुडीत तोच आला! अजिंठ्याच्या चित्रकाराने जो जपून जपून वापरला, त्याच जातीच्या रंगाची बादली आमच्या आज्या अंगणात ओतून देत असत.

१८५६ मध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन कोळशाच्या डांबरातून क्विनीन काढू पाहत होता. हिवतापावरचे औषध हाती आले नाही. जांभळा रंग आला. त्या जांभळ्याच्या पाठोपाठ डांबरी रंगांची रांगच लागली. मंजिष्ठाचा तांबडा १८६८-६९ मध्ये प्रयोगशाळेत साधला आणि युरोपातील मंजिष्ठाची शेते ओस पडली. १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात येऊ लागली, आणि बंगाल-बिहारच्या निळीच्या धंद्याला कायमची ओहोटी लागली. त्या मरत्या धंद्याचा भार मळेवाल्यांनी कुळांवर लादला, त्यातून चंपारण्य उभे राहिले, आणि १९१७ साली गांधीजी तेथे गेले. रंगांच्या इतिहासातही मारामाऱ्या आहेत असे आम्ही आरंभी म्हटले ते याच अर्थाने.

या नव्या रंगांचे तेज डोळे दिपवणारे होते. पण त्यांतले कितीतरी कच्चे होते. आपल्या बायका लुगडे घेताना "रंग पक्का आहे ना?" असे विचारतात, पदराचे टोक ओले करून चोळून पाहतात. चित्रकारांनी तेवढीही खबरदारी घेतली नाही. इंग्रजांचा थोर चित्रकार टर्नर याला लवकर विटणाऱ्या तांबड्यांचा भारी सोस. रंगविक्या विन्सरने त्याला याबद्दल टोकले, तेव्हा तू आपले दुकान सांभाळ, असे उत्तर मिळाल्याची आख्यायिका आहे. टर्नरच्या कित्येक आकाशांतील लाली आज फिकुटली आहे. व्हॅन गॉगने आपल्या शयनगृहाच्या चित्रात भिंती फिक्या जांभळ्या रंगवल्याचे १८८८ मधील पत्रात लिहून ठेवले आहे. आज त्या निळ्या दिसतात, कारण जांभळ्यातला तांबडा उडून गेला. त्याची १८९० सालची गुलाबी गुलाबे आज जवळजवळ पांढरी आहेत. जग त्या निळ्या भिंतींवर लुब्ध आहे, ही गोष्ट वेगळी. पण त्याने रंगवलेले चित्र आपण पाहिलेले नाही.

अखेर विलायतेत बोभाटा झाला. संग्रहालयांत टांगलेली जलचित्रे उजेडाने मरत आहेत, असा वाद १८८६ मध्ये वृत्तपत्रांतून पेटला. सरकारने रसेल आणि ॲबनी या दोन शास्त्रज्ञांना चौकशी सांगितली. त्यांनी रंगांच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत घालून जवळजवळ दोन वर्षे उन्हात ठेवल्या आणि १८८८ मध्ये अहवाल दिला. कोणते रंग उडतात, कोणते राहतात, ओलावा व हवा यांचा त्यात किती हात आहे, हे त्यात प्रथमच पद्धतशीर नोंदले गेले. जिंकले कोण? गेरू, पिवळी माती यांसारखे मातीचे रंग. उडाले ते बहुतांशी किरमिजी आणि डांबरी वर्गातले नाजूक लोक. अजिंठ्याच्या भिंतीने जे सांगितले होते तेच नळीने सांगितले. १८९२ पासून विन्सर-न्यूटन कंपनी आपल्या रंगांत काय घातले आहे आणि ते कितपत टिकतात हे छापू लागली. गिऱ्हाइकाला एवढे कळावे म्हणून एका शतकाहून अधिक काळ जावा लागला.

आपल्याकडे या विलायती पेट्या आल्या त्या मुख्यतः मुंबईच्या कलाशाळेच्या वाटेने. जमशेटजींनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ साली शाळा उघडली. तिच्यातून जलरंगांची जी मराठी परंपरा निघाली तिच्यात सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील, हाती दिवा घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचे त्यांचे चित्र पाहून पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे तैलचित्र समजतात. ते जलरंगांत आहे, आणि १९४५-४६ च्या सुमाराचे आहे. बोटांच्या कडांतून दिव्याचा जो प्रकाश झिरपतो तो पांढऱ्या रंगाने काढलेला नाही. तेथे कागदच उजळू दिला आहे. जलरंगाची सगळी गंमत यात आहे. येथे हवा तेथे थांबता आले पाहिजे. ज्याला हे थांबणे साधले त्याला तीन रंगही पुरतात. ज्याला साधले नाही त्याला अठ्ठेचाळीसही अपुरे.

देशी कारखानदारीची हकीकत थोडक्यात सांगतो. १९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू यांनी घोडा छाप शाईच्या पुड्या व वड्या करण्यास आरंभ केला. त्यातून पुढे कॅमल शाई आणि कॅमलिन हे नाव आले. १९६० नंतरच्या दशकात या कारखान्याने चित्रकलेचे रंग करायला घेतले, आणि शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या पोरांच्या दप्तरांत उंटाची पेटी दिसू लागली. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने या धंद्यात मोठा हिस्सा घेतला. शाईच्या पुडीपासून निघालेल्या मराठी उद्योगाला जपानी भागीदार मिळावा यात आम्हांला खंत वाटत नाही. कारण मुलांच्या रंगांपुरते बोलायचे तर जपानचे ऋण आपल्यावर आधीपासूनच आहे. ते कसे, ते सांगितले पाहिजे.

नाव कानाए यामामोतो. आपण यामामोतो म्हणू. हा जपानी चित्रकार फ्रान्समध्ये राहून परतताना रशियात थांबला आणि तेथे मुलांनी काढलेली चित्रे पाहून थक्क झाला. जपानी शाळांत तेव्हा मुलांना पुस्तकातील नमुने गिरवावे लागत. (आपल्याकडील कित्ता आठवावा!) यामामोतोने १९१९ साली नागानो प्रांतातील एका खेड्यात मुलांच्या स्वच्छंद चित्रांचे प्रदर्शन भरवले आणि 'गिरवू नका, पाहा आणि काढा' अशा आशयाची चळवळ उभारली. मग साहित्याची अडचण पुढे आली. मेणाचे खडू स्वस्त होते; अमेरिकेतील बिनी-स्मिथ कंपनीने १९०३ सालीच पाच सेंटांत आठ खडूंची पेटी काढली होती. पण मेणाचा रंग कागदावर निसटता आणि फिका. कोरडे पेस्टल रंगाला भरदार, पण बोट लागले की उडणारे, शिवाय महाग. मुलाच्या हाताला जोर असतो, सबुरी नसते. या दोहोंच्या मधले काहीतरी हवे होते. जपानच्या साकुरा कंपनीने १९२५ च्या सुमारास मेण, तेल आणि रंगद्रव्य यांचे मिश्रण करून ते बनवले. तेच आपले तेली खडू. श्रोतेहो, आमच्या माहितीत असे रंगसाहित्य विरळाच, जे राजासाठी, देवासाठी, नकाशासाठी किंवा बाजारासाठी निघाले नाही. जे मुलाला रंगवताना आनंद व्हावा एवढ्याचसाठी निघाले. आणि गंमत पाहा, पुढे पिकासोला अशाच खडूंचा मोह पडला. १९४९ मध्ये पॅरिसच्या सेनेलिये या रंगकर्मीने त्याच्यासाठी उंची रंगद्रव्यांचे तेली खडू मुद्दाम करून दिले. मुलांचे खेळणे म्हाताऱ्याने मागून घेतले!

येथे कोणी विचारील, टिकाऊपणाचे एवढे पुराण लावल्यावर या उडत्या खडूंचे कौतुक कसे? प्रश्न रास्त आहे. आमचे म्हणणे असे, की टिकणे दोन प्रकारचे आहे, आणि दुकानी उभे राहिल्यावर आपण त्यांचा घोळ घालतो. रांगोळी पहाटे काढतात, दुपारपर्यंत ती पायदळी जाते, दुसऱ्या पहाटे पुन्हा काढतात. डहाणू-तलासरीकडील वारली सुवासिनी लग्नघरी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. बांबूची काडी चावून तिचा कुंचला करतात. ते लिखाण टिकावे अशी कोणाची अपेक्षाच नसते. पुढच्या लग्नाला नवी भिंत सारवली जाते. रंग गेला, पण काढण्याची हौस पिढ्यान्‌पिढ्या राहिली. जिव्या सोमा मशे यांनी १९७० नंतर तीच चित्रे कागदावर आणली, जगभर नेली, २०११ साली पद्मश्री मिळवली. आणि मग त्याच पांढऱ्या रेषेला टिकण्याची जबाबदारी आली, पिठाची जागा तयार रंगाने घेतली. काढणाऱ्याचा आनंद एक आणि ठेवणाऱ्याची चिंता दुसरी. दोन्ही खऱ्या, पण मुलासाठी पेटी घेताना पहिलीकडे पाहावे, आणि विकण्यासाठी किंवा नातवंडांसाठी चित्र काढायचे असेल तर दुसरी सोडू नये.

म्हणून लहान मुलाला तेली खडू द्यावेत, ते बिनविषारी असल्याची छाप पाहून घ्यावेत, आणि कागद मुबलक द्यावा. आमच्या अनुभवास आले आहे की पालक रंगांवर खर्च करतात आणि कागदाची कंजुषी करतात. मग "वाया घालवू नकोस" या एका वाक्याने सारी हौस आटते. पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा चोवीस रंगांहून मोलाचा आहे.

मोठ्या माणसाने, आणि आमच्या श्रोत्यांत निवृत्तीनंतर कुंचला हाती घेऊ इच्छिणारे पुष्कळ असतील, मोठी पेटी घेऊच नये. एक पिवळा, एक तांबडा, एक निळा आणि दोन मातीचे, असे पाच सुटे रंग बरे. चांगल्या नळीवर रंगाच्या गोड नावाखाली बारीक अक्षरांत एक सांकेतिक खूण असते: पीबी २९ म्हणजे तो बक्षिसाचा अल्ट्रामरीन, पीबी २७ म्हणजे बर्लिनचा प्रशियन, पीवाय ४३ म्हणजे आपली पिवळी माती. ती खूण एकच असेल तर रंग एकाच द्रव्याचा. तीन-चार असतील तर ती खिचडी आहे, आणि तिच्यात आणखी दोन रंग मिसळले की चिखल होतो. जेथे खूणच छापलेली नाही तेथे कारखानदाराला काही सांगायचे नाही, असे समजावे. कुंचला मुंगसाच्या केसांचा घेऊ नये. वन्यजीव कायद्याने त्या जनावराला संरक्षण आहे, तरी चोरटा व्यापार चालतो. कृत्रिम केसांचे कुंचले आता उत्तम मिळतात.

आणि रसेल-ॲबनींचा प्रयोग ज्याला त्याला घरी करता येतो. त्यासाठी सरकारी नेमणूक लागत नाही. जाड कागदाच्या पट्टीवर आपल्या पेटीतल्या प्रत्येक रंगाचा एकेक आडवा ओढा द्यावा, शेजारी त्याचे नाव शिसपेन्सिलीने लिहावे, पट्टीचा अर्धा भाग जाड काळ्या कागदाने घट्ट झाकावा आणि ती दक्षिणेकडील खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवावी. पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास लावली तर होळीला उतरवावी. काळा कागद काढला, की कोणता रंग राहिला आणि कोणता गेला, ते दोन्ही भागांच्या मधल्या रेषेवर दिसेल.